लहान चाकाची सायकल जड का जाते?

‘चाक लहान, म्हणजे पायडल जास्त मारावे लागणार’ हे वाक्य सायकलच्या दुकानात, शाळेच्या आवारात आणि घरात नेहमी ऐकू येते. जाड टायरची, बसक्या बांध्याची, २४ इंची चाकाची सायकल मुलांना आवडते. घरातली मोठी माणसे मात्र तिच्याकडे संशयाने पाहतात. मूल हौसेने सायकल घेते. महिना-दोन महिन्यांत ‘जड जाते’, ‘गुडघे दुखतात’ अशी कुरकूर सुरू होते आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहते. दोष चाकाला दिला जातो, कधी मुलाच्या ताकदीला. हा दोष खरोखर कोणाचा, ते या लेखात आपण तपासून पाहू. त्यासाठी गुणोत्तर आणि वर्तुळाचा परीघ एवढे गणित पुरेसे आहे. साधने म्हणजे मोजपट्टी, खडू आणि एक सायकल.

उदाहरणासाठी इंदापूर तालुक्यातले पळसदेव घेऊ. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. जलाशयाचे पाणी फार ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर आजही उघडे पडते. आजचे गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत आहे. या भागात मोठे घाट किंवा चढ नाहीत; पण उसाच्या शेतांमधल्या वस्त्या, कच्च्या वाटा, पावसाळ्यातला चिखल, बाभळीचे काटे आणि समोरून येणारा वारा आहे. वस्तीवरून शाळेत किंवा बाजाराला रोज जायचे तर सायकल कशी हवी, हा इथे हौसेचा प्रश्न नाही. ती नीट चालली तर मुलाला कोणाच्या मोटारसायकलची वाट पाहावी लागत नाही.

शर्यतीतून आलेला बांधा

या बसक्या सायकलींचे मूळ ‘बीएमएक्स’ म्हणजे ‘बायसिकल मोटोक्रॉस’ या खेळात आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मुले मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल २० इंची सायकलींवर, मातीच्या मैदानात करू लागली. त्यातून हा खेळ उभा राहिला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला. २० इंची चाकाची सायकल मोठ्या अंगाच्या माणसाला अडचणीची होते, म्हणून याच बांध्याची २४ इंची चाकाची सायकल तयार झाली. तिला ‘बीएमएक्स क्रूझर’ म्हणतात. एकच गिअर, मजबूत सांगाडा, उंच हँडल आणि अगदी खाली असलेली सीट ही तिची लक्षणे.

सीट खाली का, ते नीट लक्षात घ्यायला हवे. बीएमएक्सची शर्यत तीन-चारशे मीटरची असते आणि चाळीस सेकंदांच्या आत संपते. एवढा वेळ खेळाडू उभाच असतो. उंचवट्यांवरून उडी मारताना सीट आड येऊ नये म्हणून ती खाली ठेवलेली असते. थोडक्यात, ती सीट बसण्यासाठी नाहीच. आपण मात्र तीच सायकल शाळेत जायला घेतो आणि तिच्यावर अर्धा तास बसतो. इथे पहिली मेख आहे. पण आधी चाकाचा प्रश्न सोडवू.

एका फेरीत सायकल किती पुढे जाते?

चेन येण्यापूर्वी पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. त्यामुळे वेग वाढवायचा तर चाक मोठे करण्याखेरीज उपाय नव्हता. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात माणसाच्या छातीएवढ्या उंच चाकाच्या सायकली झाल्या आणि त्यांवरून पडून लोकांनी डोकीही फोडून घेतली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये ‘रोव्हर’ सायकल आणली. तिच्यात मागचे चाक चेनने फिरत होते. आता पायाच्या एका फेरीत चाकाच्या किती फेऱ्या व्हाव्यात, हे दातेरी चाकांवर ठरवता येऊ लागले. मोठ्या चाकाची सक्ती त्या दिवशी संपली.

हिशेब सोपा आहे. पुढच्या दातेरी चाकाचे दाते भागिले मागच्या फ्रीव्हीलचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जाते ते अंतर.

आपली नेहमीची २८ इंची सायकल घेऊ. तिच्या चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर ४४ ÷ १८ = २.४४. याला २.२३ ने गुणले की सुमारे ५.४ मीटर येतात.

आता २४ इंची क्रूझर. परीघ सुमारे १.९ मीटर. पुढे ४४ आणि मागे १६ दाते. ४४ ÷ १६ = २.७५; गुणिले १.९ म्हणजे सुमारे ५.२ मीटर.

दोन्हींमध्ये फरक फक्त वीस सेंटिमीटरचा! मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर पहिली सायकल ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास जाईल, दुसरी पावणेएकोणीस. लहान चाकाची भरपाई मागच्या दोन दातांनी करून टाकली. इंग्लंडमधील अभियंता ॲलेक्स मोल्टन यांनी तर १९६२ मध्ये अवघ्या १६ इंची चाकाची सायकल बाजारात आणली आणि ती वेगवानही ठरली. तेव्हा ‘चाक लहान म्हणून पायडल जास्त’ हे विधान दाते मोजल्याशिवाय करता येत नाही.

पाचपट अंतर, पाचवा हिस्सा बल

मग दाते असे ठेवावेत का, की एका फेरीत सायकल आठ-दहा मीटर जाईल? निसर्गात फुकट काही मिळत नाही. पायडलचा दांडा सुमारे १६.५ सेंटिमीटर लांब असतो. एका फेरीत पाऊल साधारण १.०४ मीटर फिरते आणि सायकल ५.२ मीटर पुढे जाते. अंतर पाचपट झाले, म्हणजे बल पाचवा हिस्सा झाले. पायाने शंभर न्यूटन लावले तर रस्त्यावर जेमतेम वीस न्यूटन पोहोचतात, घर्षणात जाते ते वेगळेच. तरफ शिकवताना आपण जे सांगतो, तेच तत्त्व इथे उलट्या बाजूने काम करते: तरफेत अंतर देऊन बल मिळवतो, सायकलीत बल देऊन अंतर मिळवतो.

म्हणून दप्तर, डबा आणि समोरचा वारा घेऊन जाणाऱ्या मुलाला ४४-१६ खरोखर जड जात असेल, तर मागचे फ्रीव्हील १८ दात्यांचे बसवून घ्यावे. एका फेरीतले अंतर साधारण ४.६ मीटर होईल, वेग थोडा घटेल, पाय हलका चालेल. हे काम गावातला सायकल दुरुस्तीवाला करू शकतो आणि त्यासाठी नवी सायकल घ्यावी लागत नाही.

सीट आणि गुडघा

आता मघाच्या मेखेकडे वळू. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार वाकतो आणि खाली जातानाही पाय पुरता सरळ होत नाही. उकिडवे बसून चालण्याचा प्रयत्न केला तर जो अनुभव येतो, त्याचाच हा प्रकार. मांडीचे स्नायू गैरसोयीच्या स्थितीत काम करतात आणि गुडघ्याच्या वाटीवरचा दाब वाढतो. मुलाची ‘गुडघे दुखतात’ ही तक्रार खोटी नसते.

सीट किती उंच हवी? १९६७ मध्ये हॅम्ले आणि थॉमस या इंग्लंडमधील संशोधकांनी प्रयोगातून एक प्रमाण सुचवले. पायडल सर्वांत खाली असताना पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर हे पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीच्या १०९ टक्के असावे. अनवाणी उभे राहून मांड्यांच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतची लांबी ७० सेंटिमीटर भरली, तर हे अंतर सुमारे ७६ सेंटिमीटर हवे. मोजपट्टी नसेल तर सोपी कसोटी अशी: सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी, पाय जवळपास सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. नव्याने शिकणाऱ्या मुलाची सीट मात्र पाय टेकतील इतकी खाली ठेवावी आणि हात बसल्यावर हळूहळू वर घ्यावी.

क्रूझरवर ही उंची मिळवायची तर सीटखालचा दांडा लांब हवा. मूळचा दांडा आखूड असतो आणि तो ओढून वर काढणे धोक्याचे आहे. दांड्यावर ‘इथपर्यंत आत हवा’ अशी खूण असते. ती खूण बाहेर दिसता कामा नये. त्याच जाडीचा लांब दांडा घ्यावा. एवढे केले की या बांध्याचा एक मोठा गुण समोर येतो. आपल्याकडे मुलाला मोठ्या माणसाची सायकल देऊन ‘वाढेल तसा पुरेल’ म्हणण्याची रीत आहे. मग मूल नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारते. क्रूझरचा सांगाडा मुळातच खाली असतो आणि हँडल उंच असते. सीट वर घेत गेले की तीच सायकल शाळकरी मुलाला आणि पुढे त्याच्या मोठ्या भावंडालाही चालते.

हवा आणि नक्षी

जाड, खाचखळग्यांच्या नक्षीचा टायर मातीत पकड देतो. डांबरी रस्त्यावर मात्र तो सतत दबतो आणि सुटतो. या दबण्यात खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. हवा कमी असेल तर नुकसान वाढते. सायकल आणि स्वार मिळून ६० किलो धरू. चांगल्या, फुगलेल्या टायरला डांबरावर सुमारे ३ न्यूटन विरोध होतो. मऊ, नक्षीदार टायरला तो ६ न्यूटन किंवा अधिक होऊ शकतो. ताशी १० किलोमीटर वेगाने जाताना पायडल थांबवले, तर वाऱ्याचा विरोध सोडून पहिली सायकल सुमारे ८० मीटर घरंगळेल, दुसरी फक्त ४०.

टायर बदलताना एक खबरदारी घ्यावी. ‘२४ इंच’ नावाच्या सगळ्या रिम एकाच मापाच्या नसतात. २४ × १.७५ असा दशांशात लिहिलेला टायर आणि २४ × १ ३/८ असा अपूर्णांकात लिहिलेला टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टायरच्या कडेला छापलेला तीन आकडी अंक पाहावा. क्रूझरच्या रिमचा अंक ५०७ असतो. कमी नक्षीचा, १.७५ रुंदीचा टायर डांबर आणि कच्ची वाट अशा दोन्हींसाठी मधला मार्ग ठरतो.

महामार्गाजवळ चालवताना

शर्यतीच्या सायकलीला बहुधा फक्त मागचा ब्रेक असतो. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, रिफ्लेक्टर यांपैकी काहीच नसते. रोजच्या वापरात यांतले ब्रेक आणि रिफ्लेक्टर हे जिवाशी निगडित आहेत. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. म्हणून ताशी १८ किलोमीटर वेगात फक्त मागच्या ब्रेकवर थांबायला सुमारे ५ मीटर लागत असतील, तर दोन्ही ब्रेक बेताने दाबून निम्म्या अंतरात थांबता येते. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला किंवा उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला अंधारात सायकल दिसावी, यासाठी मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा हवाच. बसक्या सायकलीवरचा स्वार खाली असतो, त्यामुळे ही गरज अधिक.

सामानाचीही एक बाब आहे. चाक लहान असल्याने कॅरिअर खाली येते आणि ओझ्याचा गुरुत्वमध्य खाली राहून तोल सांभाळणे सोपे जाते. मात्र या सायकलीचे मागचे चाक पायडलच्या जवळ असते. दोन्ही बाजूंना पिशव्या लोंबकळत ठेवल्या तर टाच त्यांना लागते. दप्तर कॅरिअरच्या वर, मध्यावर बांधावे. एकच गिअर असल्याने चिखलात अडकून बिघडणारे भाग कमी, ही आणखी एक जमेची बाजू. रोज दहा-पंधरा किलोमीटर वाऱ्याविरुद्ध जायचे असेल तर मात्र गिअरची किंवा २८ इंची सायकलच बरी.

वर्गासाठी एक तास

हे सारे शाळेच्या आवारात पडताळून पाहता येईल. मुलांच्या चार-पाच सायकली घ्याव्यात. दाते मोजून एका फेरीतले अंतर काढावे. मग जमिनीवर खडूने खूण करून, पायडल एक फेरी फिरवत सायकल हाताने ढकलावी आणि उत्तर प्रत्यक्ष मोजावे. दुसरा प्रयोग लहानशा उतारावर करावा. वाहनांपासून दूरची जागा निवडून एकाच मुलाला एकाच खुणेपासून, पायडल न मारता, आधी कमी हवेत आणि मग पुरेशा हवेत घरंगळू द्यावे. दोन अंतरांतला फरक मुले स्वतःच सांगतील. शेवटी प्रत्येकाची सीट टाचेच्या कसोटीवर तपासावी.

आमचा अंदाज असा की ‘जड’ म्हणून ठरलेल्या सायकलींपैकी बऱ्याच या तासानंतर हलक्या होतील. सायकल जड जाते असे मूल म्हणाले, तर त्याच्या पायांविषयी मत बनवण्यापूर्वी पाना आणि पंप हाती घ्यावा.