मुका सोबती आणि उन्हाळ्यातील पाणी

चैत्र-वैशाखात कर्जत-खालापूर परिसरातील बंगले मुंबई-पुण्याच्या व्यापारी कुटुंबांनी गजबजतात. मुलाबाळांबरोबर घरचा कुत्राही येतो. उन्हाने तो धापा टाकू लागला की, ‘याला जरा नदीवर पोहवून आणू’, असे कोणीतरी सहज म्हणते. हेतू दयेचाच असतो. पण दयेला विवेकाची जोड नसेल, तर त्याच पाण्यात त्या मुक्या जिवाचा आणि त्याला वाचवण्यासाठी उडी घेणाऱ्या माणसाचाही घात होतो.

येथील नद्यांचा स्वभाव आधी जाणून घ्यावा. घाटमाथ्यावरील ठोकरवाडी जलाशयाचे पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून पेज नदीत उतरते. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीच्या केंद्रातून पाताळगंगेला मिळते. खोपोलीचे केंद्र १९१५ सालचे, तर भिवपुरीचे १९२२ सालचे. म्हणूनच भर उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या राहतात. मात्र वीजनिर्मितीच्या गरजेनुसार पाणी कमी-अधिक सुटते आणि घोटाभर असलेला प्रवाह पाहता पाहता वाढतो. पेज मिळण्यापूर्वीच्या उल्हास नदीत याउलट डोह उरतात. वरून शांत, आत खोल आणि गाळाचे. मोरबे धरणाचे पाणी तर नवी मुंबईकर पितात. तेथे कुत्र्याला नेण्याचा विचारही करू नये.

शेततळे त्याहून फसवे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पंजा रुतत नाही. आत पडलेला प्राणी काठाशी धडपडून थकतो आणि बुडतो. तेथे कुंपण हवेच. त्यामानाने बंगल्यातील पायऱ्यांचा तलाव बरा. पण पायऱ्या कोठे आहेत, हे कुत्र्याला पहिल्याच दिवशी पुनःपुन्हा दाखवून शिकवावे.

प्रत्येक कुत्रा जन्मजात पोहणारा असतो, हा गैरसमज आहे. लॅब्राडोर पाण्यात रमतो. पग, बुलडॉग आणि आखूड पायांचा डॅशहंड लवकर दमतात. पाठीवर मूठ असलेले लाइफ जॅकेट घालावे. गळ्यातील आवळणारा पट्टा काढावा. त्याला पाण्यात कधीही ढकलू नये. उथळ पाण्यातून पोटाखाली हात देत, स्वतःच्या इच्छेने उतरू द्यावे. प्रारंभी पाच-दहा मिनिटे पुरेत. भरल्या पोटी पोहवू नये. वेळ सकाळची निवडावी. तापलेल्या खडकावर तळहात ठेवता येत नसेल, तर त्यावर त्याचे पंजेही भाजतात.

पाण्यात वारंवार चेंडू फेकला, की तो आणताना कुत्रा पुष्कळ पाणी गिळतो. त्याने रक्तातील क्षार घटतात. पोट फुगणे, उलटी, तोल जाणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्य गाठावा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही जडतो. म्हणून त्याची लस दरवर्षी द्यावी. पाणी गाळून पिणाऱ्या घरातील कुत्र्याला डबके चाटू देऊ नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे. पोहून झाल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुवावे आणि कान कोरडे करावेत.

अति धाप, लाळ, गडद लाल हिरड्या आणि अडखळती चाल ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. कुत्रा वाहू लागला, तर मागोमाग उडी घेऊ नये. काठावरून हाक मारावी, दोर किंवा बांबू पुढे करावा. बुडता बुडता वाचलेला कुत्रा धडधाकट दिसला, तरी काही तासांनी फुप्फुसांचा त्रास उद्भवू शकतो. त्याला तपासून घ्यावेच.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपणही सांगितले आहे. केवळ आपल्या करमणुकीसाठी मुक्या जिवाला शक्तीपलीकडे पोहायला लावणे, हाही एक भारच होय. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’त जीवंधरकुमार मरणोन्मुख कुत्र्याला नमस्कारमंत्र ऐकवतो आणि त्या पुण्याने तो यक्ष होतो. ही कथा घरोघरी जरूर सांगावी. मात्र तो मंत्र नदीकाठी ऐकवण्याची वेळ आपल्या हलगर्जीपणाने येऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घ्यावी.