ट्रॅक्टर सुरू होत नाही? विद्युत यंत्रणेतील बिघाड असा ओळखावा

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतांश शेती पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. कपाशी, सोयाबीन व तूर ही येथील खरीप हंगामाची मुख्य पिके होत. साधारणपणे ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यानंतर व जमिनीत वापसा आल्यावर पेरणी करावी, अशी शिफारस आहे. भारी काळ्या जमिनीत वापशाचे दिवस मोजकेच मिळतात. पुन्हा पाऊस लागला तर यंत्र शेतात जात नाही आणि पावसाने ओढ दिली तर वरचा थर सुकून उगवण विरळ होते. अशा वेळी ट्रॅक्टर उभा राहिला तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते, तर हातचा वापसा निघून जातो.

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर सुरू न होण्याच्या तक्रारींमध्ये विद्युत यंत्रणेचे बिघाड नेहमी आढळतात. पुष्कळदा दोष एखाद्या सैल टर्मिनलचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा असतो. परंतु नीट तपासणी न करता बॅटरी किंवा सेल्फ बदलला जातो. खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. म्हणून बिघाड क्रमाने कसा शोधावा, याची माहिती येथे दिली आहे.

विद्युत यंत्रणेचे भाग

ट्रॅक्टरच्या विद्युत यंत्रणेचे चार मुख्य भाग आहेत. १) वीज साठविणारी बॅटरी. २) इंजिन फिरविणारा सेल्फ व त्यावरील सोलेनॉइड. ३) इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर. ४) चावीचा स्विच, सुरक्षा स्विच, फ्यूज व वायरिंग.

बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह काम करून ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातून ऋण टोकाकडे परत येतो. म्हणजे जाण्याची वाट तारेची आणि परतीची वाट सांगाड्याची. यांपैकी कोणतीही वाट तुटली तरी काम थांबते. शेतकरी बहुधा जाणारी तार तपासतात, परंतु परतीची वाट म्हणजे अर्थिंग विसरतात. इंजिन किंवा गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीखाली रंग, माती किंवा गंज असेल तर सेल्फला पुरेसा प्रवाह मिळत नाही.

तपासणीची तयारी

तपासणीसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब, एक साधा डिजिटल मल्टीमीटर, पाने, सँडपेपर व तारेचा ब्रश एवढे साहित्य पुरते. तपासणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक लावावा व पीटीओ बंद करावा. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून जवळ विडी किंवा काडी पेटवू नये.

लक्षणांवरून बिघाड ओळखणे

अ) चावी फिरवल्यावर काहीच आवाज येत नाही : प्रथम मोठे दिवे लावून पाहावेत. दिवे लागत नसतील तर बॅटरी उतरलेली आहे, टर्मिनल सैल आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दिवे लख्ख लागत असतील तर बॅटरीकडे दोष नाही. मग चावीचा स्विच, सुरक्षा स्विच व सोलेनॉइडला जाणारी बारीक तार तपासावी. बल्बची एक तार सांगाड्याला व दुसरी सोलेनॉइडच्या बारीक तारेच्या टोकाला लावून मदतनिसास क्लच दाबून चावी फिरविण्यास सांगावे. बल्ब लागला नाही तर दोष स्विच किंवा तारेत आहे. बल्ब नीट लागूनही सोलेनॉइड टक वाजत नसेल तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा सेल्फच्या अर्थिंगमध्ये आहे.

ब) नुसता टक आवाज येतो किंवा सेल्फ हळू फिरतो : दिवे लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंद झाले किंवा विझले तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिचे टर्मिनल खराब आहे. टक आवाज येऊनही दिवे तसेच लख्ख राहिले तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी जाड केबलचे जोड, सोलेनॉइडचे आतील संपर्क व सेल्फचे कार्बन ब्रश तपासून घ्यावेत.

क) सेल्फ जोरात फिरतो परंतु इंजिन सुरू होत नाही : सेल्फबरोबर इंजिन फिरते की नाही ते पाहावे. इंजिन फिरत नसेल तर सेल्फचे पिनियन फ्लायव्हीलमध्ये अडकत नाही. इंजिन फिरत असेल तर बॅटरी व सेल्फ ठीक आहेत, दोष डिझेल पुरवठ्यात शोधावा. ज्या ट्रॅक्टरमध्ये चावीने डिझेल बंद होते, तेथे पंपावरील डिझेल सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचते का, हे बल्बने पाहावे.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये व दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर सेल्फ तापून जळतो.

मल्टीमीटरचे आकडे काय सांगतात?

ट्रॅक्टर काही तास उभा राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा जास्त असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ असल्यास सुमारे पाऊण, १२.२ असल्यास निम्मी आणि १२ च्या खाली असल्यास बहुतांशी उतरलेली समजावी.

परंतु केवळ या आकड्यावर विसंबू नये. इंजिनचा स्टॉपर ओढून धरावा व सेल्फ फिरत असताना पुन्हा मोजावे. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर बॅटरीची ताकद संपली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे.

अर्थिंग तपासण्यासाठी मल्टीमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ फिरवावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगचा जोड खराब आहे. याचप्रमाणे बॅटरीचे धन टोक व सेल्फची जाड केबल यांमध्ये ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आकडा येऊ नये. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, परंतु चांगली बॅटरी फेकून देण्याचा खर्च वाचवते.

इंजिन सुरू झाल्यावर मध्यम गतीने चालवून पुन्हा बॅटरीवर मोजावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट असल्यास अल्टरनेटर योग्य काम करीत आहे. आकडा वाढलाच नाही तर पट्टा सैल असणे, फ्यूज जाणे, तार तुटणे किंवा अल्टरनेटर बिघडणे ही कारणे संभवतात. १५ व्होल्टपेक्षा जास्त असल्यास रेग्युलेटर बिघडला आहे व बॅटरीचे पाणी उकळून संपेल. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नये, त्यामुळे अल्टरनेटरचे डायोड जळतात.

बॅटरी रात्रीत का उतरते याचे साधे गणित आहे. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो, दोन दिवे १० अँपिअर घेतात. ७५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अशा दोन दिव्यांवर सात-साडेसात तासांत उतरते.

सेल्फ पेचकसने लावू नये

क्लच किंवा गिअरजवळचा सुरक्षा स्विच गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर सुरू होऊ देत नाही. धूळ, चिखल किंवा गंज यामुळे हा स्विच बिघडला की सेल्फ फिरत नाही. मग काही चालक हा स्विच काढून तारा थेट जोडतात किंवा जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेकवतात. हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी सुरू होऊन पुढे सरकतो, आणि माणूस मोठ्या चाकाच्या समोरच उभा असतो. बाजूला होण्यास वेळच मिळत नाही. सुरक्षा स्विचची किंमत थोडी आहे. तो बदलून घ्यावा. ट्रॅक्टर नेहमी चालकाच्या जागेवर बसूनच सुरू करावा.

नवीन ट्रॅक्टरमधील विद्युत झडपा

काही मोठ्या ट्रॅक्टरमध्ये पुढे-मागे जाण्याचा बदल किंवा पीटीओचा क्लच विजेवर चालणाऱ्या झडपांनी होतो. स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारगाडीतही अशाच झडपा असतात. शिवाय ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाल्याने इंजिनावरही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. अशा ट्रॅक्टरमध्ये गिअर पडत नाही किंवा मध्येच सुटतो, म्हणून लगेच गिअरबॉक्स उघडू नये. प्रथम बॅटरीचे व्होल्टेज, नंतर फ्यूज, अर्थिंग व झडपेचा जोड तपासावा. जोडात पाणी, माती किंवा वाकलेली पिन आढळल्यास तोच दोष असू शकतो. चावी बंद करून व जोड सोडवून झडपेच्या गुंडाळीचा रोध मोजावा. मल्टीमीटर अमर्याद रोध दाखवत असेल तर गुंडाळी तुटली आहे, शून्याजवळ असेल तर ती आतून जुळली आहे. योग्य आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. वीज व गुंडाळी ठीक असूनही दोष राहिल्यास तेलाची पातळी व फिल्टर पाहून मगच तंत्रज्ञास बोलवावे. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही केबल सोडवाव्यात व नियंत्रण पेटीचा जोड काढावा.

हंगामापूर्वी घ्यावयाची काळजी

१) मे महिन्याच्या कडक उन्हात बॅटरीचे पाणी लवकर आटते. दर १५ दिवसांनी पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे. आम्ल टाकू नये.
२) टर्मिनलवरील पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडी करून जोड घट्ट करावा व वरून पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.
३) केबल काढताना प्रथम ऋण व लावताना शेवटी ऋण, हा क्रम पाळावा.
४) फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद लावू नये. फ्यूज पुन्हापुन्हा जात असल्यास तार कोठे घासली आहे ते शोधावे.
५) इंजिनजवळ साचलेले सोयाबीनचे कुटार व कापसाचे तंतू काढावेत. उघड्या तारेच्या ठिणगीने ते पेट घेतात.
६) उभ्या ट्रॅक्टरमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात. पेरणीपूर्वी सर्व तारा नजरेखालून घालाव्यात.

शेतकरी बंधूंनो, बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, फ्यूज, स्विच आणि सर्वांत शेवटी सेल्फ किंवा अल्टरनेटर, हा तपासणीचा क्रम लक्षात ठेवावा. मृगाच्या सरींची वाट न पाहता मे अखेरीसच ही तपासणी उरकून घ्यावी. म्हणजे वापसा आलेल्या दिवशी ट्रॅक्टर शेतात असेल आणि पेरणी वेळेवर होईल.