चाळिशीचें भिंग आणि त्याचें माप

आपल्या भाषेंत 'चाळिशी' हा शब्द वयालाहि लागतो आणि चष्म्यालाहि, आणि तें यथार्थच आहे. डोळ्यांतील नैसर्गिक भिंग तरुणपणीं लवचिक असतें. वयाबरोबर ही लवचिकता ओसरत जाते आणि चाळिशीच्या सुमारास वर्तमानपत्र हातभर दूर धरावें लागतें. हा रोग नव्हे, वयोधर्म आहे.

ज्यांना दूरचाहि नंबर असतो त्यांची अडचण दुहेरी. बेंजामिन फ्रँकलिननें दोन भिंगांचे अर्धे तुकडे एकाच चौकटींत बसविले, आणि १७८५ सालच्या एका पत्रांत त्यांचें वर्णन केलें. परंतु अशा बायफोकलमध्यें दूर आणि जवळ यांच्यामधील अंतर सुटून जातें. १९५९ सालीं फ्रान्समध्यें बर्नार मेतनाझ ह्या अभियंत्याचें 'व्हॅरिलक्स' भिंग बाजारांत आलें, आणि प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खरा प्रसार सुरू झाला. ह्यांत शक्ति वरून खालीं क्रमाक्रमानें वाढत जाते. दूरचा नंबर उणे १.०० आणि वाचनासाठीं वाढ २.०० असेल, तर तळाशीं अधिक १.०० ही शक्ति मिळते; मधल्या अरुंद वाटेंतून टेबलावरचा संगणक दिसतो.

ह्या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. वाटेच्या दोन्हीं बाजूंस धूसरपणा राहतो. हा कारागिराचा दोष नव्हे. भिंगाची वक्रता वरून खालीं बदलली कीं बाजूंस विकृति येणें गणितानेंच अटळ आहे. वाट जितकी आखूड, तितकी ती अरुंद. महागडें भिंग ही विकृति सौम्य करील, नाहींशी करणार नाहीं. म्हणून चौकट निवडतांना भिंगाची उभी उंची सुमारें ३० मिलिमीटर असावी. फार बुटकी चौकट घेतली तर वाचनाचा भागच कापला जातो.

आतां मापाविषयीं. दोन बाहुल्यांमधील एकूण अंतर मोजून तें निम्में करणें पुरेसें नाहीं. समजा, नाकाच्या मध्यापासून उजवी बाहुली ३१ आणि डावी ३४ मिलिमीटरांवर आहे. निम्में केल्यास प्रत्येक डोळ्याला दीड मिलिमीटरची चूक होते, आणि इतक्या अरुंद वाटेंत ती जाणवते. म्हणून प्रत्येक डोळ्याचें माप स्वतंत्र घ्यावें. दुसरें माप उंचीचें. प्रथम चौकट आपल्या चेहऱ्यावर नीट बसवून घ्यावी, मगच चष्मेवाल्यानें आपल्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बाहुलीच्या मध्यापासून भिंगाच्या खालच्या कडेपर्यंत मोजावें. आपण बसलेले आणि तो उभा, असें घेतलेलें माप विश्वसनीय नसतें.

चष्मा आल्यावर भिंगावरील शाईच्या खुणा लगेच पुसूं देऊं नयेत. चष्मा लावून आरशांत समोर पाहावें. खुणेचा क्रूस बाहुलीवर आला पाहिजे. तो वर असेल तर दूरचें पाहतांना हनुवटी खालीं घ्यावी लागते. खालीं असेल तर वाचतांना ती उचलावी लागते. कांहीं दिवसांनीं मान दुखूं लागली, तर दोष 'संवयीच्या अभावावर' ढकलण्यापूर्वीं हें माप पुन्हा तपासून घ्यावें.

संवयीला एक-दोन आठवडे द्यावे. बाजूचें पाहतांना नुसती नजर न फिरवितां मान वळवावी. जिना उतरतांना मान वांकवून वरच्या भागांतूनच पायरी पाहावी. नुसते डोळे खालीं केले तर वाचनाच्या भागांतून पायरी धूसर दिसते आणि पाऊल चुकतें. उतारवयांत अशा एका पडण्यानें खुब्याचें हाड मोडूं शकतें. ज्या वृद्धांचें बाहेर पुष्कळ हिंडणें असतें, त्यांनीं त्यासाठीं केवळ दूरच्या नंबरचा निराळा चष्मा बाळगणें श्रेयस्कर. तसेंच दिवसभर संगणकापुढें बसणाऱ्यांना त्या अंतरासाठीं केलेलें खास भिंग अधिक सुखाचें ठरतें.

तेव्हां दुकानांत भिंगाचा भाव विचारण्यापूर्वीं, 'आपण माप कसें घेतां?' हा प्रश्न अवश्य विचारावा.