प्रबंध-भांडारे आणि मराठी संशोधन : वटारच्या निमित्ताने

१.

विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध ज्ञानव्यवहाराचा भाग नेमका केव्हा होतो? परीक्षकांनी तो मान्य केला म्हणजे, की दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाला तो वाचता, तपासता आणि खोडता आला म्हणजे? पहिल्या उत्तराने पदवीचा प्रश्न सुटतो, ज्ञानाचा सुटत नाही. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या. प्रबंध टंकलिखित होई, कापडी बांधणीत बांधला जाई आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका कपाटात जाऊन बसे. ज्याचे पुढे पुस्तक झाले तो वाचला गेला, बाकीचे नोंदवहीतील ओळीपुरते उरले. गेल्या दोन दशकांत विद्यापीठांनी उभारलेल्या संगणकीय प्रबंध-भांडारांनी ही स्थिती तत्त्वतः पालटली आहे. हा पालट मराठी संशोधनापर्यंत कितपत पोचला आहे, आणि पोचण्यात कोणत्या अडचणी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक गाव समोर ठेवू. वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, आगाशी, सत्पाळे, राजोडी यांच्या परिसरात वटार हे गाव आहे. समुद्र जवळ, विहिरींच्या पाण्यावर जगणाऱ्या बागायती वाड्या भोवती, आणि पूर्वेकडून वाढत येणारे शहर. या पट्ट्यात सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी आणि कोळी या बोली शेजारी शेजारी नांदतात. हिंदू आणि ख्रिस्ती घरांच्या अंगणांत एकच बोली ऐकू येते. अशा गावाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याविषयीचे पूर्वसंशोधन कोठे सापडेल?

गाव ही काही विद्याशाखा नव्हे, ही येथील खरी अडचण आहे. बोलीचा अभ्यास मराठी किंवा भाषाशास्त्र विभागात होतो, वाडीतील पाणी खारे का होते याचा विचार भूगोल किंवा पर्यावरणशास्त्रात, केळी आणि पानवेली कृषिविद्येत, पोर्तुगीज काळ इतिहासात, विवाहगीते लोकसाहित्यात, आणि जमिनीचे बदलते व्यवहार अर्थशास्त्रात किंवा समाजशास्त्रात. बागायतदाराच्या बोलीतील पाण्याविषयीचे शब्द समजून घ्यावयाचे, तर भाषेच्या विद्यार्थ्यालाही भूगोलाचा प्रबंध उघडावा लागतो. कपाटांच्या व्यवस्थेत हे प्रबंध एकमेकांना कधी भेटत नसत. वेगवेगळ्या शाखांचे संशोधन एकाच ठिकाणी, एकाच शोधाच्या कक्षेत आणणे हे भांडाराचे पहिले आणि सर्वांत मोठे कार्य होय.

२.

संशोधन नोंदले जाणे आणि ते सापडणे यांचा संबंध किती निकटचा आहे, याचे उदाहरण याच परिसरात आहे. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यास त्यांना मिळाला. त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ग्रंथालयांतून जपला गेला. पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा आढळला, तेव्हा तो कोणत्या मालिकेत बसवावयाचा हे सांगणारा आधार अभ्यासकांसमोर तयार होता. मधली चौऱ्याहत्तर वर्षे तो वृत्तांत एखाद्या बंद कपाटात राहिला असता, तर दुसरा तुकडा पुन्हा पहिल्यापासून समजावून घ्यावा लागला असता.

बोलींच्या बाबतीत मात्र असे सातत्य राहिलेले दिसत नाही. ग्रीअरसन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात सामवेदी आणि वाडवळ यांची दखल आहे. साठच्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची सर्वेक्षणमाला चालविली, तीत ठाणे जिल्ह्यातील वारलीचा समावेश झाला. अलीकडे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये निघाला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने संगणकावर सर्वांना खुले केले. हे ठळक टप्पे झाले. त्यांच्या दरम्यान विद्यापीठांतून जे प्रबंध लिहिले जातात, त्यांतील शब्दसूची, गीते आणि मुलाखती हे या साखळीतील मधले दुवे आहेत. ते हाती नसतील, तर प्रत्येक नवा अभ्यासक ग्रीअरसनपासूनच आरंभ करतो.

३.

भांडाराची कल्पना जगात कशी रूढ झाली हे थोडक्यात पाहू. १९९१ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोस येथे पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी आपले लेख छापण्यापूर्वीच संगणकावर परस्परांना उपलब्ध करून देण्यास आरंभ केला. २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने मुक्त प्रवेशाचे तत्त्व शब्दबद्ध केले : संशोधनाचे फलित वाचकाला विनामूल्य आणि विनाअडथळा मिळावे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्था आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून डीस्पेस ही संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली, आणि लहान विद्यापीठालाही स्वतःचे भांडार उभारणे शक्य झाले.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पदवी दिल्यानंतर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत आयोगाकडे पाठविण्याचे बंधन घातले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेली शोधगंगा हे या प्रबंधांचे भांडार. तिलाच जोडून शोधगंगोत्री आहे. तिच्यात चालू संशोधनाचे आराखडे ठेवले जातात. २०१६ च्या विनियमांनी क्रम बदलला : पदवी जाहीर होण्यापूर्वीच प्रत जमा झाली पाहिजे असे ठरले, आणि २०२२ च्या विनियमांतही ते कायम राहिले. आज शोधगंगेत काही लाख प्रबंध आहेत. पूर्वी वटारच्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठातील प्रबंध पाहण्यासाठी लोकलने सांताक्रूझला उतरून कालिन्याच्या ग्रंथालयात दिवस घालवावा लागे. गोव्याचा किंवा नागपूरचा प्रबंध तर त्याच्या कल्पनेबाहेरच असे. आता तो घरी उघडता येतो.

भांडाराची रचना समजून घेणे उपयुक्त ठरेल. प्रबंध तेथे अखंड ग्रंथ म्हणून ठेवलेला नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, संदर्भसूची आणि परिशिष्टे यांच्या बहुधा स्वतंत्र फायली असतात. त्यांच्या माथ्यावर एक वर्णनात्मक नोंद असते : शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, विद्यापीठ, वर्ष, विषयदर्शक शब्द आणि गोषवारा. प्रत्येक प्रबंधाला एक कायमचा क्रमांक मिळतो. शोधगंगेतील क्रमांकांचा आरंभ १०६०३ या आकड्यांनी होतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक वाचकाला मूळ प्रबंधापर्यंत नेतो. म्हणून तळटीपेत लांबलचक पत्त्याऐवजी तो देणे अधिक शिस्तीचे आहे.

४.

यंत्र पहिल्यांदा ही नोंद वाचते. प्रबंध नंतर, आणि तोही वाचता आला तर. मराठी प्रबंधांची अडचण येथेच सुरू होते. तिचे चार प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार नामांतराचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या प्रबंधात वटार, वसई किंवा डहाणू हे सारे ठाणे जिल्ह्यातच असणार. केवळ ‘पालघर जिल्हा’ असा शोध घेणाऱ्याला आधीचे सारे संशोधन अदृश्य राहते. वसई इंग्रजी लेखनात बसीन होते. सोपारा संस्कृतात शूर्पारक आणि पालीत सुप्पारक होतो. एकच बोली कोणी सामवेदी म्हणून, तर कोणी कादोडी म्हणून नोंदवितो. विद्यापीठांचीही नावे बदलली : मुंबई विद्यापीठाचे इंग्रजी नाव १९९६ मध्ये, पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये. एका नावाने घेतलेला शोध अपुरा असतो, ही जाणीव संशोधकाने आरंभापासून बाळगावी.

दुसरा प्रकार लिप्यंतराचा. मराठी प्रबंधाचे शीर्षक अनेकदा रोमन अक्षरांत नोंदले जाते. त्या अक्षरांत ट आणि त यांचा भेद उरत नाही, ऱ्हस्व-दीर्घही उरत नाहीत. वटारचे रोमन रूप पाहून ते वटार, वतार की वाटार हे अनोळखी वाचकाला ठरविता येत नाही. एक ‘एच’ अधिक पडला की साताऱ्याकडील वाठारच्या वाटेला लागण्याची भीती आहेच.

तिसरा प्रकार मराठीच्या घडणीतून येतो. नामाचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय व शब्दयोगी अव्यये त्याला जोडून लिहिली जातात. ‘सोपारा’ शोधणाऱ्या यंत्राला ‘सोपाऱ्याचा’ हा त्याच शब्दाचा अवतार आहे हे आपण होऊन कळत नाही. त्यात पुन्हा ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती भिन्न असतात. म्हणून शोध घेताना शब्दाचे न बदलणारे मूळ अंग, जसे ‘सोपा’ किंवा ‘वटार’, वापरून पाहावे आणि आलेल्या निष्पत्तीतून निवड करावी.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. परंतु मराठी प्रबंधांचे टंकलेखन पुढे कित्येक वर्षे जुन्या फाँटांत होत राहिले. या फाँटांत पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण त्यामागचा संकेत रोमन चिन्हाचा असतो. असा मजकूर शोधला तर सापडत नाही, उचलून घेतला तर निरर्थक चिन्हे हाती येतात. त्याहून जुने प्रबंध तर पानांची छायाचित्रे म्हणूनच चढविलेले असतात. ते डोळ्यांनी वाचता येतात, यंत्राला मात्र कोरे असतात. अशा प्रबंधाचे अस्तित्व त्याच्या माथ्यावरील नोंदीवर सर्वस्वी अवलंबून असते. नोंदीत ‘वटार’ हा शब्द नसेल, तर आत वटारच्या ओव्यांची शंभर पाने असली तरी ती नसल्यासारखीच.

५.

प्रबंध खुले करण्याविषयी अध्यापकांच्या मनात दोन शंका असतात. पहिली चौर्याची : सहज मिळणारे सहज उचलले जाईल. ही भीती निराधार नाही. पण कपाटातील प्रबंधाचीही नक्कल होत असे, आणि ती उघडकीस येण्याचा संभव फार कमी होता. मूळ लेखन तारखेनिशी सर्वांसमोर असणे हा लेखकाच्या अग्रहक्काचा सर्वांत बळकट पुरावा आहे. आयोगाने वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम २०१८ मध्ये केले. त्यांची अंमलबजावणी यंत्राच्या तुलनेवर बरीचशी अवलंबून आहे. जे लेखन यंत्राला वाचताच येत नाही, त्याचे रक्षणही यंत्र करू शकत नाही. युनिकोडचा आग्रह म्हणूनच लेखकाच्या हिताचा आहे.

दुसरी शंका पुस्तकाची : प्रबंध खुला झाला तर प्रकाशक त्याचे पुस्तक काढील का? येथे प्रबंध आणि पुस्तक यांतील भेद लक्षात घ्यावा. प्रबंधात पुराव्याचा पसारा असतो, पुस्तकात त्याची वाचकासाठी केलेली मांडणी. पसारा भांडारात राहिला म्हणून मांडणीचे मोल उणावत नाही. उलट पुस्तकाला आपला पुरावा दाखविण्यासाठी हक्काची जागा मिळते.

या दोहोंहून महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बोलीचा प्रबंध ज्यांच्या मुखातून आला त्या माणसांचे काय? एखाद्या वृद्धेने गायिलेली लग्नगीते, बागायतदाराने सांगितलेली रहाटाच्या भागांची नावे ही परिशिष्टात जातात, पदवी संशोधकाला मिळते, आणि सांगणाऱ्याच्या घरी त्यातील काहीच परत येत नाही. वसईच्या किनारपट्टीवर वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत. रहाट गेले की रहाटाचे शब्दही जातात, आणि पुढच्या पिढीला ते केवळ एखाद्या परिशिष्टातच भेटू शकतात. भांडारातील परिशिष्ट ही त्या घरांना होऊ शकणारी परतफेड आहे. मात्र खुलेपणाबरोबर जबाबदारीही येते. मुलाखत देणाऱ्याला हे लेखन सर्वत्र वाचले जाणार आहे याची स्पष्ट कल्पना आधी दिली पाहिजे, आणि ज्याला नाव नको असेल त्याचे नाव वगळले पाहिजे. कपाटाच्या भरवशावर दिलेली संमती भांडाराला पुरेशी नसते.

६.

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. संशोधकाने प्रबंध प्रारंभापासून युनिकोडमध्ये लिहावा. शीर्षक आणि गोषवारा देवनागरीत व इंग्रजीत असे दोन्ही द्यावेत. विषयदर्शक शब्दांत गावाचे, तालुक्याचे, जुन्या व नव्या जिल्ह्याचे आणि बोलीच्या सर्व प्रचलित पर्यायांचे नाव घालावे. ‘लोकसाहित्य’ किंवा ‘समाजजीवन’ एवढ्याने काम भागत नाही. शब्दसूची आणि गीते स्वतंत्र परिशिष्टांत, कोणाकडून, कोठे आणि केव्हा मिळाली याच्या नोंदीसह ठेवावीत. मार्गदर्शकाने स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रकरणांइतक्याच काळजीने ही नोंद वाचावी, कारण शेकडो वाचक केवळ तीच वाचणार आहेत. आणि महाविद्यालयातील अध्यापकांनी पदव्युत्तर वर्गाला एक छोटा स्वाध्याय द्यावा : आपल्या गावाविषयी कोणत्याही विद्याशाखेत झालेले संशोधन भांडारातून शोधून काढणे, आणि कोणकोणत्या शब्दांनी शोध घेतला याची यादी जोडणे. त्या यादीतच संशोधनपद्धतीचे निम्मे शिक्षण आहे.

कपाटातील प्रबंध विद्यापीठाचा होता. भांडारातील प्रबंध वटारच्या मुलीलाही तिच्या आजीचे शब्द वाचू देऊ शकतो. त्यासाठी लागणारी यंत्रणा आज उभी आहे; उणीव आहे ती आपण भरावयाच्या चार ओळींच्या नोंदीची.