चाकांवरचे बिऱ्हाड

कालिदासाच्या ‘मेघदूता’त राजहंस पावसाळ्याच्या तोंडी मानससरोवराकडे, म्हणजे उत्तरेस निघतात. उत्तर अमेरिकेत माणसांचे एक प्रस्थान नेमके याच्या उलट दिशेस होत असते. कॅनडातील व संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागातील सेवानिवृत्त माणसे शरद ऋतू सरू लागला की दक्षिणेची वाट धरतात आणि वसंत आला की परततात. त्यांस तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. आपण हिमपक्षी म्हणू. कित्येक जण विमानाने जाऊन भाड्याच्या घरात राहतात. परंतु पुष्कळांचे घरच मोटारीमागे येते. शय्या, चूल, शीतकपाट, न्हाणी, शौचकूप, सर्व वीस-पंचवीस फुटांत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. यांचे चाकांवर असते एवढेच.

आपल्या पुष्कळ घरांतील मुले आता त्या देशी स्थायिक झाली असून काहींच्या निवृत्तीची वेळही आली आहे. माझे एक जुने विद्यार्थी कॅलगरी येथे दीर्घकाळ नोकरी करून मोकळे झाले. त्यांनी यंदा सपत्नीक असा प्रवास योजिला व त्याचा आराखडा मजकडे पाठविला. गाडी हाकण्याविषयी मजसारख्या मास्तराने काय अभिप्राय द्यावा? तथापि त्यातील विचार इतका उद्बोधक वाटला, की तो वाचकांपुढे ठेवण्याचा मोह आवरत नाही.

कॅलगरी एकावन्नाव्या अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जाणे नवलाचे नाही. जावयाचे ते ॲरिझोना संस्थानातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावी. हे गाव आपल्या श्रीनगरच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहे. परंतु समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम नऊशे फूट व हवा कोरडी, म्हणून जानेवारीतही दुपारी वीस अंशांच्या आसपास ऊब असते. रात्री मात्र पाच-सहा अंशांवर उतरते. तेव्हा स्वेटर विसरून चालणार नाही.

अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. कूट्सच्या नाक्यावर सरहद्द ओलांडावयाची, मग पंधरा क्रमांकाचा महामार्ग धरून मोंटाना, आयडाहो, युटा असे लास व्हेगासपर्यंत उतरावयाचे आणि तेथून पंचाण्णव क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेस. मोंटानात हा महामार्ग त्या खंडाचा जलविभाजक तीनदा ओलांडतो. त्यांतील मोनिडा खिंड सुमारे ६,८७० फूट उंच आहे. तेथे रस्त्यावर जमणारे पातळ, काळसर बर्फ डोळ्यांना दिसत नाही आणि मागे जोडलेले जड घर उतारावर पुढच्या गाडीला ढकलू पाहते. म्हणून त्यांचा नियम असा, की दिवसाला तीनशे मैलांहून अधिक जावयाचे नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठावयाचा आणि खिंडीत वादळाची सूचना असेल तर आहे तेथेच दोन दिवस राहावयाचे. परतीची अथवा पोहोचण्याची तारीख कोणास सांगून ठेवू नये, हे मला फार पटले. दिलेल्या शब्दाखातर माणूस नको त्या वेळी निघतो.

खरी मौज पाण्याची आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. भिंतीआडच्या बारीक नळ्या फुटण्यास तेवढे पुरे. यास्तव हिवाळ्याआधी त्या रिकाम्या करून त्यांत गोठणरोधक गुलाबी द्राव भरतात. परिणामी प्रवासाचा पूर्वार्ध पाण्याच्या घरातून पाण्यावाचून करावा लागतो. पिण्यासाठी वीस-वीस लिटरचे डबे उबदार जागी ठेवावयाचे; स्नान जेथे सोय असेल तेथे. युटातील सीडर सिटी सुमारे ५,८०० फुटांवर, तर पुढचे सेंट जॉर्ज तीन हजारांच्याही खाली आहे. पन्नासएक मैलांत हवा पालटते. नळ्या धुऊन टाकीत पाणी भरावयाचे ते तेथे, त्याआधी नव्हे.

मैल्याची टाकी निराळी असते व ती आठवड्या-पंधरवड्याने नेमल्या ठिकाणी नेऊन आपल्या हातांनी रिती करावी लागते. रबरी हातमोजे घालून घराचा कर्ता पुरुष हे काम करतो. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून कसेसे होईल. मला मात्र या प्रवासातील सर्वांत हितकारक भाग हाच वाटतो.

गृहिणींनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कुकरची वाफ थंड काचांवर जमून भिंतींतून झिरपते व बुरशी धरते; म्हणून स्वयंपाक करताना झरोका किंचित उघडा हवा. आणि थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून निजणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याचा इशारा देणारे यंत्र निघण्यापूर्वी तपासलेच पाहिजे.

याहून बिकट अडचण निराळ्याच बाजूने आली. कॅनडातील प्रांतिक आरोग्ययोजना परदेशातील इस्पितळाच्या खर्चाचा अगदी अल्प भाग देतात. म्हणून प्रवासाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात जुन्या आजारांसाठी पुष्कळदा अशी अट असते, की निघण्यापूर्वी ठरावीक दिवस तो आजार ‘स्थिर’ असला पाहिजे. औषधाची मात्रा बदलली, अगदी कमी केली, तरीही स्थैर्य मोडले असे धरण्यात येऊ शकते. या गृहस्थांच्या पत्नीच्या रक्तदाबाची गोळी सप्टेंबरअखेर बदलली होती आणि त्यांच्या विम्यातील मुदत नव्वद दिवसांची. नोव्हेंबरच्या आरंभी निघावे, तर बाईंच्या रक्तदाबासंबंधी विम्याचा आधार नाही. जानेवारीपर्यंत थांबावे, तर रस्ते अतिशय धोक्याचे. डॉक्टर म्हणाले, प्रकृती उत्तम आहे. पण विम्याचा कारकून प्रकृती पाहत नाही, कागद पाहतो. “काही होणार नाही,” असे म्हणून निघणारे बहुत असतात. यांनी तसे केले नाही. चिरंजीवांस सोबत घेऊन ते नोव्हेंबरातच घर दक्षिणेस नेऊन ठेवणार, दोघेही विमानाने परतणार आणि पतिपत्नी जानेवारीत मुदत भरल्यावर विमानाने जाणार. खर्च वाढला, परंतु मी असतो तर याहून दुसरे काही सुचविले नसते.

क्वार्ट्झसाइटजवळ संघ सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याची विस्तीर्ण मोकळी जमीन आहे. १९८३ पासून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढ्या काळात परवाना घेऊन तेथे दीर्घ मुक्काम करता येतो. जागेवर वीज नाही, नळ नाही. सूर्यपट्ट व बॅटरी यांवर भागवावे लागते. पाणी आणण्याची व मैला टाकण्याची सोय एका बाजूस आहे. गावात हाजी अली नावाच्या उंटवानाची समाधी आहे. १८५०च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटासाठी उंट आणविले, त्यांबरोबर तो आला आणि १९०२ मध्ये तेथेच निवर्तला. १९३५ मध्ये तिच्यावर दगडी पिरॅमिड बांधून शिखरी धातूचा उंट बसविला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या नागरिकास सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. परंतु करासाठी तीन वर्षांचे दिवस एका सूत्राने मोजतात, म्हणून रोजनिशी ठेवावी. एप्रिल २०२५ पासून तीस दिवस वा अधिक राहणाऱ्यास नोंदणीचा नियमही लागू झाला आहे. सरहद्दीवर जळाऊ लाकूड व ताजी फळे यांची चौकशी होते.

राहता राहिले मागचे घर. तेथे गृहविम्याची बहुधा अशी अट असते, की हिवाळ्यात रिकाम्या घराची कोणीतरी नियमाने पाहणी करावी. भट्टी बंद पडली तर त्याही घराच्या नळ्या फुटतात. आपल्या एकत्र कुटुंबात हा प्रश्न उद्भवत नाही, कोणी ना कोणी घरी असतेच. त्यांच्या घराची किल्ली चिरंजीवांकडे राहणार असून दर तिसऱ्या दिवशी कचेरीतून परतताना त्यांनी तळघरापर्यंत जाऊन यावे, असे ठरले आहे.