शहरातली पहिली खोली आणि घरातली ट्रंक

कळंब, भूम, परंडा, वाशी या भागांतून किती तरी तरुण जोडपी पोटापाण्यासाठी पुण्याला जातात. कोणी हडपसरला, कोणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत. उमरगा-लोहाऱ्याकडची मंडळी सोलापूर, हैदराबाद गाठतात. काही जण मुलांच्या शाळेसाठी लातुरात बिऱ्हाड करतात. डिपॉझिट भरून एखादी खोली किंवा 'वन आरके' फ्लॅट मिळतो आणि गावाकडून सामानाचा टेम्पो येतो. गाद्या, पातेली, शेगडी उतरते आणि शेवटी पत्र्याची ट्रंक उतरते. ती पलंगाखाली सरकवली, कुलूप ओढून पाहिले, की संसार लागला असे आपण समजतो.

त्या ट्रंकेत काय असते? लग्नात घातलेले मंगळसूत्र, मुलीसाठी करून ठेवलेल्या बाळ्या, एखादी बोरमाळ, भिशीचे पैसे. त्यांच्याच खाली, साडीच्या घडीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत, घरातले सगळे कागद. दाखले, जातीची प्रमाणपत्रे, सातबारा, बँकेची पुस्तके. चोराच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. त्याला घर धुंडाळावे लागत नाही. कडी-कोयंडा उचकटायचा, पलंगाखाली हात घालायचा आणि अख्खी ट्रंक उचलून न्यायची.

ट्रंकेची सवय आपल्याला का लागली, तेही समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. तिथे प्रत्येकाची खासगी जागा म्हणजे त्याची पेटी, एवढीच. गोव्याहून मुंबईला येणाऱ्या खलाशांनी धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावांच्या 'कुडी' काढल्या. त्या खोल्यांतही भिंतीला लागून ओळीने पेट्या असत. पण तिथे अख्खे गाव एका छपराखाली राही. कोणी ना कोणी खोलीत असेच, आणि पेटीवर दहा जणांची नजर असे. आजच्या खोलीत नवरा-बायको दोघेही कामावर आणि मुले शाळेत असतात. दिवसाचे आठ-नऊ तास पेटीकडे बघायला कोणी नसते. पेटी तीच राहिली, राखण करणारी माणसे गेली.

आपल्या जिल्ह्याने तर सगळे एका जागी ठेवण्याची किंमत फार वेगळ्या रीतीने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सास्तूरसारख्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. माणसे गेली ती गेलीच. जे वाचले त्यांच्या दागिन्यांबरोबर घरातला कागदन्‌कागदही त्याच ढिगाऱ्याखाली गेला. ती काही चोरी नव्हती, पण घरातले सर्व काही एका पेटीत असले म्हणजे काय होते ते त्यातून कळते.

दागिना पुन्हा करता येतो. वर्षे लागतात, पोटाला चिमटा घ्यावा लागतो, पण करता येतो. काही कागद मात्र पुन्हा मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो, आणि हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. त्या वेळचा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा किंवा महसुली दप्तरातली नोंद. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुन्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत सापडतात, कधी मोडीत. नोंद शोधणे, तिची नक्कल काढणे, भाषांतर करवून घेणे यात तहसीलचे किती हेलपाटे होतात ते ज्याने केले त्यालाच माहीत. आणि बहुतेक घरांत आजोबा शाळेत गेलेलेच नसतात, म्हणून जो एकुलता एक कागद मिळालेला असतो त्याचे मोल मोजता येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची ट्रंक पुण्यात भरदुपारी गेली. दोन दिवसांनी ती नाल्याच्या काठाला सापडली. सोने अर्थातच नव्हते. कागद चोराला नकोच होते, त्याने ते तिथेच टाकले होते आणि रात्रीच्या पावसात त्यांचा लगदा झाला होता. मुलीच्या कॉलेज प्रवेशाचे ते वर्ष होते. सोन्यासाठी ती माउली एकदाच रडली. वैधता प्रमाणपत्राच्या फाइलीसाठी मात्र घरातली सगळी माणसे सहा महिने पळत होती.

म्हणून पहिले काम असे करावे की, सोने आणि कागद यांची ताटातूट करावी. मूळ कागद खोलीत ठेवण्याची गरज फार कमी वेळा पडते. बहुतेक ठिकाणी आता स्वतः सही केलेली झेरॉक्स चालते, मूळ प्रत फक्त दाखवावी लागते. जुना उतारा, वैधता प्रमाणपत्र आणि जमिनीचे कागद जाड प्लास्टिकच्या पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा गावाकडे विश्वासाच्या घरी ठेवावेत. खोलीत झेरॉक्सचा एक संच असावा. प्रत्येक कागदाचा स्पष्ट फोटो काढून दोन वेगवेगळ्या माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. आधार, गुणपत्रिका यांसारखे कागद सरकारच्या डिजिलॉकरमध्येही आणता येतात. बापाचे वैधता प्रमाणपत्र हाती असले की मुलाची पडताळणी बरीच सोपी होते, तेव्हा हा एक कागद पुढच्या पिढीचाही आहे. आणखी एक. मूळ दाखला ठेकेदाराकडे, एजंटाकडे किंवा घरमालकाकडे 'जमा' करू नका. तसे कोणी मागितले तर झेरॉक्स द्या आणि तिच्यावर ती कशासाठी दिली ते लिहा.

आता सोन्याचे. रोज अंगावर असते तेवढेच खोलीत ठेवावे. उरलेल्यासाठी लॉकर बरा. पती-पत्नी दोघांच्या नावे घ्यावा आणि वारसाचे नाव त्याच दिवशी लिहून द्यावे. बऱ्याच बँकांत तालुक्याच्या गावी लॉकरचे भाडे शहरापेक्षा कमी असते. मात्र लॉकरबद्दल एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेले नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार चोरी, दरोडा, आग, इमारत पडणे किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यामुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. म्हणजे भाडे दीड हजार असेल तर जास्तीत जास्त दीड लाख रुपये. सोने तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेले असताना हे पैसे कितीसे पुरणार? शिवाय भूकंप-पुरासारख्या आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, जबाबदारी नाही. तरीही पलंगाखालच्या ट्रंकेपेक्षा लॉकर शंभर पटीने सुरक्षित आहे.

काही घरांत लॉकरऐवजी सोने थोड्या कर्जावर तारण ठेवून 'सुरक्षित' करण्याची चाल आहे. हिशेबाच्या माणसाला ती पटणार नाही. राखणीपोटी वर्षानुवर्षे व्याज भरायचे आणि एखादा हप्ता चुकला की लिलावाची नोटीस घ्यायची. त्यापेक्षा लॉकरचे भाडे परवडते.

खोली घेताना भाडे आणि पाणी आपण पाहतो, दार पाहत नाही. आधीच्या भाडेकरूकडे किल्ली राहिली आहे का, याचा विचार कोणी करत नाही. दाराला लॅच असेल तर मालकाची परवानगी घेऊन आतले कुलूप बदलावे. जुने जपून ठेवले तर खोली सोडताना परत बसवता येते. चाळीच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा असतो. तो नुसत्या स्क्रूवर बसवलेला असेल तर पेचकस असलेला कोणताही माणूस कुलपाला हात न लावता दार उघडू शकतो. सुतार बोलावून आरपार बोल्ट घालून घ्यावेत आणि त्यांचे नट आतल्या बाजूने आवळून घ्यावेत. कुलपाची दांडी आखूड असावी. लांब दांडीत पहार घालून पीळ देता येतो. बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नाही हे आल्यागेल्याला सांगत असते. लॅचचे दार ते सांगत नाही, म्हणून जमेल तिथे लॅच बरे. उन्हाळ्यात दार उघडे टाकून झोपणाऱ्यांचे मोबाइल आणि उशाखालच्या पर्सा जातात. तिथे तर कुलपाचाही प्रश्न येत नाही. जाळीचे दार बसवायला मालक नाही म्हणत असेल तर निम्मा खर्च आपण देऊ म्हणावे. किल्ली मीटरच्या पेटीत किंवा चपलेखाली ठेवण्याची सवय मात्र आजपासून बंद करावी. ती जागा सगळ्या वस्तीला माहीत असते.

घरी एकट्या असणाऱ्या भगिनींनी 'दागिने उजळून देतो' म्हणणाऱ्याला आणि ओळखपत्राशिवाय मीटर तपासायला येणाऱ्याला आत घेऊ नये. जिन्यावरच्या दोन घरांशी बोलणे ठेवावे. आपल्याला खोली देताना आधी आडनाव विचारणारे आणि मग 'दुसऱ्याला शब्द दिला आहे' म्हणणारे मालक अजून आहेत. त्यामुळे मिळाली ती खोली गुपचूप, ओळखीवर आणि कागदाशिवाय घेण्याकडे आपला कल असतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार असला की डिपॉझिटही राहते आणि चोरी झाली तर आपण तिथले रीतसर राहणारे आहोत हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइन द्यावे.

घरे फोडण्याची वेळ चोर निवडून ठेवतात. दिवाळी, मे महिना, गावची लग्ने. आपल्या वस्त्यांत १४ एप्रिल, दसऱ्याची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरची चैत्यभूमी हे दिवसही आले. चाळीच्या चाळी रिकाम्या होतात. जाऊ नका असे कोण म्हणेल? पण शेजाऱ्यांनी ठरवून आळीपाळीने जावे. निदान एका घरात माणूस असेल आणि संध्याकाळी त्याने आपला दिवा लावावा, एवढी व्यवस्था करावी. निघाल्याचे फोटो मोबाइलवर लगेच टाकण्याची हौस परत येईपर्यंत दाबून ठेवावी.

एक काम असे आहे की ज्याला पैसे लागत नाहीत आणि तरीही कोणी करत नाही. एका वहीत दागिन्यांची यादी करावी. नाव, ग्रॅममध्ये वजन, कोणत्या सोनाराकडून, कोणत्या साली आणि काही खूण. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो, तो लिहावा. पावत्या कागदांबरोबर ठेवाव्यात. पावती नसेल तर लग्नातला असा फोटो शोधावा की ज्यात दागिना स्पष्ट दिसतो. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसतो, तोही वहीत असावा. ही वही ट्रंकेत ठेवायची नाही, हे सांगायला नको.

चोरी झालीच तर आत शिरून आवराआवर करू नये. ११२ ला फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नये. मोबाइल गेला असेल तर आधी सिमकार्ड व बँक बंद करावी. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर कळवावे. हॅंडसेट सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून बंद करता येतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. हद्दीचे कारण सांगून ठाणेदाराला तक्रार टाळता येत नाही. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंद घेतलीच नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. फिर्यादीत 'दागिने व रोख' एवढेच मोघम लिहू देऊ नका. वहीतली यादी वजनासह लिहून घ्या आणि हरवलेल्या कागदांची नावेही एकेक करून घाला. दाखल्याची दुय्यम प्रत मागायला गेल्यावर शाळा किंवा कचेरी हाच कागद मागते.

चोर सापडला आणि सोने जप्त झाले तरी ते घरी आपोआप येत नाही. पुष्कळ लोक खटला संपेपर्यंत थांबायचे म्हणून गप्प बसतात. तशी गरज नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की जप्त वस्तू ठाण्यात पडून राहू देऊ नयेत. दागिन्यांचे फोटो व सविस्तर पंचनामा करून ते मालकाला लवकर परत द्यावेत. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वकील करणे परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिथेही पावती, फोटो आणि वही हेच उपयोगी पडते. दागिना सुपूर्तनाम्यावर मिळाला की बंधपत्र लिहून द्यावे लागते आणि न्यायालय मागेल तेव्हा तो हजर करावा लागतो. म्हणून खटला चालू असेपर्यंत तो मोडू नये, विकू नये, तारणही ठेवू नये.