रानाची हद्द आणि वाढती वस्ती

बुलढाणा जिल्ह्यातून अजिंठ्याची डोंगररांग जाते. तिच्या दक्षिणेस घाटमाथा आणि उत्तरेस पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे आहे. मोताळा तालुका या रांगेच्या उताराला लागून असून धामणगाव बढे हे त्यातील एक गाव होय. या पट्ट्यातील कोरड्या, पानगळीच्या रानात साग, धावडा, सालई, पळस, तेंदू असे वृक्ष आढळतात. धामण नावाचा वृक्षही अशाच रानातला असून त्याच्या चिवट लाकडाचे अवजारांना दांडे करतात. गावाच्या नावाचा उगम कोणताही असो, धामणगावच्या मुलास धामण ओळखता यावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

गावे वाढतात, कुटुंबे विभक्त होतात, नवी घरे लागतात. घराची गरज ही खरी गरज आहे; तिला दोष देता येत नाही. प्रश्न एवढाच की, घरे कोठे बांधावयाची. गावालगतचे रान मोकळे दिसते, म्हणून वस्ती प्रथम तिकडे सरकते. हा प्रश्न नीट समजावून देण्याचे काम प्राथमिक शाळेस परिसर अभ्यासाच्या तासाला सहज करता येईल.

रान एका दिवसात नाहीसे होत नाही. ते कडेने झिजते. घरांच्या सान्निध्यात आलेल्या पट्ट्यात बांधकामाचा राडारोडा पडतो, सरपण तोडले जाते, उन्हाळ्यात वणवा लागण्याचा संभव वाढतो, मोकाट कुत्री शिरतात आणि घाणेरीसारखी परकी झुडपे फोफावतात. ही झीज किती होते, हे वरच्या इयत्तांतील मुलांना गणिताने दाखविता येईल. एक किलोमीटर लांब व तितकेच रुंद असे रान घ्यावे. त्याचे क्षेत्रफळ १०० हेक्टर. चारही बाजूंनी ५० मीटर रुंदीचा पट्टा बिघडला, असे मानल्यास आत ८१ हेक्टर रान अबाधित राहते. आता त्याच रानातून मधोमध दोन आडवे-उभे रस्ते गेले व त्यांच्या कडेने घरे झाली, असे समजावे. रानाचे चार तुकडे होतात आणि प्रत्येकात केवळ १६ हेक्टर, म्हणजे एकूण ६४ हेक्टर रान शाबूत उरते. रस्ते व घरे यांनी व्यापलेली जागा यात धरलेलीच नाही. तोड थोडी झाली तरी हानी मोठी का होते, हे यावरून स्पष्ट होईल.

रानाचा पहिला लाभ पाण्याचा होय. झाडांखालचा पालापाचोळा पावसाचे पाणी थोपवून धरतो व मुळांच्या वाटांनी ते जमिनीत मुरते. छपरांवरून व फरसबंदीवरून मात्र ते तत्काळ वाहून जाते आणि उतारावरची माती सोबत नेते. डोंगरपायथ्याच्या विहिरींचे पाणी वरच्या रानाशी निगडित असते, ते यामुळेच.

दुसरा लाभ वन्य प्राण्यांच्या वाटांचा. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे पोहोचला. त्याच्या गळ्यातील यंत्रपट्ट्यामुळे हा मार्ग कळू शकला. शेते आणि रानाचे लहानमोठे तुकडे यांतूनच तो आला. जे रान आपणांस क्षुल्लक वाटते, तेही अशा प्रवासातील मुक्काम ठरू शकते.

आता हद्दीविषयी. मुंबईतील दोन प्रकरणे येथे उद्बोधक आहेत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून मुंबईस पाणी देणारे तुळशी व विहार हे तलाव त्याच परिसरात आहेत. उद्यानाच्या हद्दीत हळूहळू हजारो झोपड्या उभ्या राहिल्या. १९९५ साली एका पर्यावरण संस्थेने उच्च न्यायालयात अर्ज केला आणि ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. पुढे अनेक गरीब कुटुंबांची घरे पडली. पात्र ठरलेल्यांचे पुनर्वसन चांदिवलीस करण्यात आले. दुसरे प्रकरण मुलुंड भागातील. तेथील जमिनींविषयी १९५० च्या दशकात वनकायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या. परंतु त्या पुढे तडीस गेल्या नाहीत. मध्यंतरी रीतसर परवानग्या मिळून तेथे इमारती झाल्या व लोक राहावयास आले. सुमारे अर्धशतकानंतर ती जमीन खाजगी वन ठरविण्यात आली. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला. पहिल्या प्रकरणी घरे गेली, दुसऱ्या प्रकरणी रान गेले. दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव होती: कागदावरची हद्द वेळीच जमिनीवर पाहिली गेली नाही.

कायदा आज पुरेसा स्पष्ट आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यान्वये केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेवाचून वनजमीन अन्य कामी लावता येत नाही. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे वन आहे, त्यास हा कायदा लागू पडतो. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे नावही बदलले. परंतु कायदा स्वतः चालून येत नाही. नोंद पाहणारा माणूस लागतो. गावपातळीवर या नोंदी गाव नमुन्यांत असतात. नमुना एक-अ ही वनजमिनींची नोंदवही, तर नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही होय. त्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असतात. तसेच २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोकांच्या साह्याने गावाची जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. गावच्या नकाशावरून रानाचे गट क्रमांक मुलांकडून वहीत उतरवून घ्यावेत. वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यात, पालक व वनरक्षक यांच्या सोबतीने मुलांना हद्दीवरून चालवावे आणि सीमाखुणा जागेवर आहेत की नाहीत, हे लिहून ठेवावे. वाटेत दिसलेल्या झाडांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावीत व ती यादी समितीस द्यावी. सीमेचा दगड हललेला अगर नवे खोदकाम झालेले दिसल्यास मुलांनी कोणाशी वाद घालू नये. मुख्याध्यापकांनी ती गोष्ट ग्रामपंचायत व वनविभाग यांस लेखी कळवावी. घराची निकड असलेल्यांसाठी गावठाणालगत योग्य जागा ठरविण्याचा प्रश्नही ग्रामसभेपुढे त्याच वेळी यावा, कारण बेघरास जागा न देता रान राखणे फार काळ साधत नाही.

असे दरवर्षी केल्यास दहा वर्षांत शाळेजवळ दहा नोंदी जमतील. घर बांधण्यापूर्वीच हद्द कळली, तर कोणाचे घरही पडणार नाही आणि रानही शाबूत राहील.